रुवैसच्या चालीतलं गाणं

मुंबई विमानतळावर तपासणीच्या तरुण अधिकाऱ्याने माझ्या पिशवीतली कॅसेट उजेडात धरून पाहिली. "अंकल, ये क्या है?" मी म्हणालो, "गाना है." त्याने ती दोनदा यंत्रातून फिरवली. ती मी सुट्टीवर आलेल्या एका मित्राकडून आठ दिवसांसाठी नेली होती आणि त्या आठ दिवसांना आता पंचवीस वर्षं झाली होती, हे त्याला काय सांगणार!

मित्र म्हणजे हर्णैचा इक्बाल. रत्नागिरीला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी पुण्यात बँकेत चिकटलो आणि तो आखातात रुवैसच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात लागला. आता तो निवृत्त झाला होता. महिनाअखेरीस व्हिसा संपणार, वहिनी घर रंगवायला आधीच हर्णैला गेलेल्या. "त्याआधी एकदा येऊन जा," असं त्याने तीनदा फोन करून सांगितलं, म्हणून निघालो.

दुबईला तो त्याच जुन्या गाडीने न्यायला आला.

"अजून चालते ही?"

"तुझ्यापेक्षा बरी चालते. यल्ला (चल), बस."

रुवैसचा रस्ता सरळसोट. डावीकडे वाळू, उजवीकडे मधूनच समुद्राची निळी रेघ. वाटेत करक (कडक दूधचहा) घेतला. वेलदोडा इतका, की चहा कोकणातल्या लग्नघरातला वाटावा. मग क्षितिजावर चंदेरी मनोरे आणि नळ्यांचं जंगल दिसू लागलं. भर दुपारी एका चिमणीवर ज्योत जळत होती. कारखाना इतका देखणा असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

इक्बालने मला कारखान्याच्या कॉलनीतल्या क्लबचा हॉल दाखवला. दर गुरुवारी संध्याकाळी इथे त्यांचा बँड वाजायचा. ड्रमवर फिलिपिनो, बेसवर मल्याळी आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन हा. शेवटी नेहमी एकच गाणं, अमेरिकेतलं जुनं ब्लूज. गाव सोडून कारखान्याच्या शहराकडे निघालेल्या माणसाचं. बँडमधले एकेक करून मायदेशी गेले. राहिला हा.

"मूळ रेकॉर्डिंग एका दमात झालं," घरी सुरमई तळता तळता तो सांगू लागला. "ॲम्प्लिफायर बिघडलेला, आवाज चरचरत होता. त्यांनी तसाच ठेवला, आणि लोकांना तोच आवडला. मग ज्याने त्याने आपल्या परीने वाजवलं. कुणी पळवलं, कुणी गळा फाडून गायलं." जाण्याआधी ते गाणं एकदा रेकॉर्ड करायचं, एवढीच त्याची इच्छा होती. आमच्या वयाला उद्याचा भरवसा नाही, बोटं आताच आखडतात, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी परत दुबईला, तिथल्या सिलिकॉन ओएसिस वस्तीत सनाकडे गेलो. सना त्याची मुलगी, साउंड इंजिनिअर. तिच्या एका खोलीच्या भिंतींना स्पंज लावलेला होता. तिने मूळ गाण्याच्या गतीची टकटक (क्लिक) हेडफोनमध्ये लावली. इक्बाल तीनदा अडखळला.

"अब्बा, यू आर टू स्लो. ओरिजिनल ऐका ना." तिने ते लावलं. मी दचकलोच. ते कितीतरी जलद होतं, आणि पट्टीही वर.

इक्बालने गिटार खाली ठेवली. "खलास. कॅसेट होती तोवर खात्री होती. ती गेल्यावर वाटायला लागलं, आपल्याच डोक्यात काहीतरी गडबड आहे. म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना चुकीचंच वाजवायला लावलं मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवीतून कॅसेट काढून मी त्याच्यापुढे धरली. त्याने गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

ती वाजवायला कॅसेट प्लेअर त्या गाडीतच होता. पार्किंगमध्ये आम्ही पुढे बसलो, सना मागे. गाणं सुरू झालं. संथ, जड, खालच्या पट्टीत. अगदी इक्बाल वाजवायचा तसं.

"टेप स्ट्रेच झालीय," सना म्हणाली. "हीटमुळे. कुठे ठेवायचात?"

"इथेच, डॅशबोर्डवर. एक अख्खा उन्हाळा."

सनाने डोकं सीटला टेकलं. "अब्बा, दिस इज हाऊ आय नो इट. स्कूलमधून येताना मी ह्यावरच झोपायचे." जरा थांबून म्हणाली, "क्लिक बंद करते. तुमच्या स्पीडने वाजवा."

"पण चूकच ना ती?"

"बिघडलेला ॲम्प्लिफायर ठेवला, तेव्हा कुणी चूक म्हणालं का रे?" मी म्हणालो.

वर जाऊन त्याने ते एका दमात वाजवलं, गायलं. शेवटच्या कडव्यात आवाज फाटला. सनाने विचारलं, "ठेवू?" त्याने मान डोलावली. माझे डोळे भरून आले होते, सनाचेही.

विमानतळावर मी कॅसेट परत करू लागलो, तर त्याने ती माझ्याच पिशवीत कोंबली. "घेऊन जा. आता मला लागत नाही."

परतीच्या विमानात मी फोनवर भरून घेतलेलं मूळ गाणं पुन्हा ऐकलं. सुंदरच आहे. पण इतकी वर्षं जिथे काढली, ती जागा इतक्या घाईने कुणी सोडत नाही.