सैल सोडायची शिकवणी

“तसं विशेष काही नाही हो,” असं म्हणत माझ्या एक पेशंट बाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकायच्या आणि पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुखणं जितकं जुनं, तितका ते सांगताना त्यांचा आवाज बारीक होतो.

मी गुरुग्राममधल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. ओटीपोटाच्या तळाशी, लघवी आणि शौच धरून ठेवणारे जे स्नायू असतात, त्यांच्यावर मी काम करते. त्या बाई जवळच्या मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या कामावर होत्या. पन्नाशीला आलेल्या, माहेर साताऱ्याकडचं, नवरा दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासून, आत वाईट काही नाही असं सांगून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.

फाइलवरचं आडनाव वाचून मी मराठीत बोलले. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. हिंदीत ‘कब्ज’ म्हणणं सोपं होतं. मराठीत सांगायचं म्हणजे घरातल्या माणसाला सांगितल्यासारखं. माझं मराठी दिल्लीत वाढलेलं, मलाही शब्द सापडेनात. शेवटी त्या म्हणाल्या, “तिकडे जायला होत नाही.” तेव्हापासून आमचा शब्द ‘तिकडे’ हाच राहिला.

चार-चार दिवस तिकडे जाणं व्हायचं नाही. कुंथून कुंथून रक्त यायचं. इसबगोल, चूर्ण, एरंडेल, सगळं करून झालं होतं. पोट भरलं की त्रास होतो म्हणून कामावर त्या जेवायच्याच नाहीत. चहा आणि दोन बिस्किटं, एवढ्यावर दिवस काढायच्या.

“घाईची लागते तेव्हा काय करता?”

“दाबून धरते. सकाळी बस सव्वापाचला येते, तेव्हा वेळ नसतो. नंतर कामाची लाईन सोडता येत नाही. हात वर करायचा, मग सुपरवायझर येऊन सगळ्यांसमोर विचारतो, ‘क्या हुआ?’ काय सांगणार त्याला?”

“किती वर्षं चाललंय हे?”

“अठरा.” त्या थोडं हसल्या. “सवय झाली.”

सवय स्नायूंनाही झाली होती. छोटे सेन्सर लावून मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. तिकडे बसल्यावर करता तसा जोर करा, म्हटलं. स्नायू सैल पडला की स्क्रीनवरची रेघ खाली यायला हवी. त्यांची रेघ सरसर वर गेली. पुन्हा केलं, पुन्हा वर.

“म्हणजे मीच ढकलते आणि मीच दार लावून घेते?”

“बिल्कुल.”

त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या, आणि मग नुसत्याच पुसत राहिल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. दुसरं काय करणार होते मी?

मग दर शनिवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, साडेदहाला आमची शिकवणी सुरू झाली. पायांखाली स्टूल घ्यायचं, गुडघे कमरेपेक्षा वर, अंग जरा पुढे. पोट फुगू द्यायचं. श्वास कोंडून जोर करायचा नाही, आरशावर वाफ सोडतो तसा हलका सोडायचा. आणि मुख्य म्हणजे, लागली की टाळायचं नाही.

“आम्हाला लहानपणी पोट आत घ्यायला शिकवलं,” त्या म्हणायच्या, “आणि तुम्ही बाहेर सोडायला सांगता. शरम वाटते हो.”

पाचव्या शनिवारी रेघ खाली आली. थरथरत, पण आली. त्यांनी मांडीवरची पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

दिवाळीत कारखाना दहा दिवस बंद होता. रोज सकाळी मला त्यांचा मेसेज यायचा. एकच शब्द, “झालं.” नवव्या दिवशी दोन शब्द आले, “झालं. सहज.” मी मेट्रोत उभी होते आणि हसू आवरत नव्हतं. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं. तिला काय सांगणार?

कारखाना उघडला. गाडीचं नवीन मॉडेल आलं होतं, काम वाढलं. मेसेज एक दिवसाआड आले, मग आठवड्याने एक आला, “नाही.” मी त्यांना बोलावून घेतलं आणि एक पत्र लिहून दिलं. यांना गरज पडेल तेव्हा कामावरून उठू द्यावं, एवढंच.

त्यांनी ते दोनदा वाचलं. “मॅडम, तिथे सगळ्यांचे कागद सगळे वाचतात.”

“मी नुसतं ‘वैद्यकीय कारण’ असं लिहिते.”

“मग कोणतं, ते विचारतील. आणि ही आता कमजोर झाली म्हणून पॅकिंगला टाकतील.” त्यांनी पत्राची नीट घडी केली. “बघू.”

ते पत्र त्या कोणाला देणार नाहीत, हे मला दिसत होतं. स्नायू सैल सोडायला मी शिकवू शकत होते. सव्वापाचची बस, ती लाईन, तो वर करायचा हात, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. त्यांना न विचारता कारखान्याला फोनही करता येत नव्हता.

त्या यायच्या थांबल्या. दोन शनिवार वाट पाहून मी गुरुवारी सकाळी फोन लावला. त्यांच्या यजमानांनी उचलला.

“अच्छा, तुम्ही पाठीच्या मॅडम ना? ती कामावर आहे. कंपनीत फोन नेऊ देत नाहीत.”

घरी बाईंनी पाठीचं दुखणं सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

“तुमच्यामुळे फार फरक पडला हो,” ते आपुलकीने म्हणाले. “आता पाठीचं नावही काढत नाही. फक्त एक सांगा ना तिला. पहाटे उठून बाथरूममध्ये इतका वेळ काय बसते, कळत नाही. परवा बस चुकली. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.”

मी तोंड उघडलं. पण बाईंनी जे घरात सांगितलं नव्हतं, ते मी कसं सांगणार?

“त्यांना म्हणावं, मला एकदा फोन करा.”

“सांगतो की.”

फोन आला नाही. शनिवारची साडेदहाची वेळ मी आणखी तीन आठवडे कोणाला दिली नाही. चौथ्या शनिवारी दिली.