रिकाम्या हातानं विचारू नये

आक्का गेल्याची बातमी मला जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर कळली. लेकीकडे चार दिवस राहून मी कोल्हापूरला परत निघाले होते. पिशवीत आक्कांसाठी घेतलेली कृष्णाकाठची वांगी होती. तेवढ्यात जावई सायकल मारत मागून आले. त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन आला होता. "आई, जरा बसा इथं," एवढंच म्हणाले आणि मी ओळखलं. गाडीत बसल्यावर रडू काही येईना. डोक्यात आपलं भलतंच... आता ही वांगी कोण भरून करणार? शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण हुतं तुमचं?" म्हटलं, "थोरली जाऊ." तिनं तेवढ्यावरच मान हलवली. जाऊ गेली म्हणून कुणी एवढं गप्प होतं का, असं तिला वाटलं असणार. त्याला आता दीड महिना झाला.

आमचं घर कुंकवाचं. अंबाबाईच्या देवळामागच्या बोळात खाली दुकान, वर राहायला, आणि मागे एक लांबट खोली. नवरात्राआधी घरचं पहिलं कुंकू देवीला जायचं आणि मगच विकायला काढायचं, अशी रीत. मी लग्न होऊन आले तेव्हा, पासष्ट-सहासष्टच्या सुमाराला, त्या खोलीत आक्कांचं राज्य होतं. गारगोटीकडच्या, चौथी शिकलेल्या, अस्सल कोल्हापुरी. स्वतःबद्दल बोलतानासुद्धा "मी जातो, मी येतो" म्हणणाऱ्या. आणि मी बी.एस्सी., मुलींच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारी. मिजास होती मला, खोटं कशाला बोलू! पहिल्याच आठवड्यात त्यांना शिकवायला गेले. म्हटलं, "आक्का, यात विशेष काही नाही. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. चुना लावून बघा."

आक्कांनी काठवटीतला हात थांबवला. "व्हय गं, चुन्यानं हुते की लाल. पर तिच्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी हुते. मग आपुण कुंकवात एवढा लिंबाचा रस घालतोय, ते लाल कसं ऱ्हातंय?"

पुस्तकात हे नव्हतं. रागच आला मला, त्यांचा नाही, पुस्तकाचाही नाही, माझ्या पदवीचा. आक्का मात्र खुशीत. त्यांना हरवायचं नव्हतंच कुणाला. "न्हाय ठावं ना? मलाबी न्हाय. लई बेस झालं, आता दोघी मिळून बघू," म्हणाल्या. तिथून आमचं जमलं ते जमलंच.

शाळा सुटली की मी त्या खोलीत जाऊन बसायची. हळकुंडं फोडून लिंबाच्या रसात घालायची, त्यात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आणि थोडी तुरटी टाकायची आणि रोज हलवत राहायचं. चारच्या सुमाराला उंच झरोक्यातून उजेड आत यायचा. हवेत बारीक भुकटी तरंगायची, पिवळी म्हणावी तर पिवळी, लाल म्हणावी तर लाल. आक्का काठवटीवर वाकून बसायच्या. रंग नेमका कधी बदलतो तो क्षण त्यांना धरायचा होता. "आता बग... आता... गेला की गं!" आणि स्वतःच हसायच्या. अठरा वर्षं त्या हे काम करत होत्या आणि अठरा वर्षांत तो क्षण त्यांना सापडला नव्हता. तासन्‌तास असं बसून माझेही डोळे जड व्हायचे. भिंत, हात, लुगडं, सगळं एकाच रंगात बुडाल्यासारखं वाटायचं. आपण जागे आहोत की झोपेत, तेही कळेनासं व्हायचं. बोलणं फार नसायचं आमचं. आयुष्यात इतकी स्वस्थ मी परत कधी बसले नाही.

एकदा देवळात पुराण ऐकायला गेलो. बुवांनी सांगितलं की पूर्वी शिष्य हातात समिधा घेऊन गुरूकडे जायचे आणि विचारायचे, हे जग कशानं झालं, मेल्यावर काय उरतं. रिकाम्या हातानं कुणी विचारायचं नाही. पुराण संपल्यावर आक्का थेट बुवांपुढे उभ्या राहिल्या. "बुवा, देवीपाशी मागायला सगळीच येत्यात. नुसतं इचारायला आलं तर चालतंय का?" बुवा हसले. म्हणाले, "बाई, मागणारा पदरात पडलं की निघून जातो. विचारणारा तिथंच बसून राहतो. देवीला कोण आवडत असेल, तुम्हीच सांगा."

झालं! पुढच्या शुक्रवारपासून आक्कांचं व्रतच सुरू झालं. एक हळकुंड घ्यायचं, देवीच्या उंबऱ्यावर ठेवायचं आणि एक प्रश्न विचारायचा. घामाला मीठ कुठनं येतं. पंचगंगेचं पाणी पात्रात हिरवं दिसतं आणि ओंजळीत का नाही. दुसऱ्या बायका मुलगा मागायच्या, नवऱ्याला नोकरी मागायच्या, आणि आमच्या आक्का हात जोडून घामाचं विचारायच्या. मला हसू यायचं. "उत्तर देते का हो ती?" विचारलं तर म्हणायच्या, "येडी का खुळी! उत्तर तिनं दिलं तर मी काय करू मग?"

मग भाऊजी गेले, आक्कांचे यजमान. दुकानातच छातीत कळ आली आणि तासाभरात आटोपलं. तेरावा झाल्यावर सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, कुंकवाच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता ह्या खोलीत पाय न्हाय टाकायचा. रांडावलेल्या बाईच्या हातचं कुंकू आई अंबाबाईला चालायचं न्हाय." मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मी न्हाय का सोडलं?" ते खरंच होतं. आक्कांच्या आधी ती खोली आत्याबाईंची होती. मामंजी गेले त्या दिवशी त्या बाहेर आल्या, ते परत कुंकवाला बोट लावलं नाही. आक्का स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. महिनाभरात निम्म्या झाल्या. खाणं-पिणं सुटलं त्यापेक्षा विचारणं सुटलं, ते मला बघवेना. शुक्रवार यायचा आणि जायचा.

कुंकू करायचं माझ्याकडे आलं. घरातली एकुलती सवाष्ण मीच. सगळं पाठ होतं मला, पण शाळेच्या सहामाही परीक्षा आलेल्या, आणि मी घाई केली. भिजलेली हळकुंडं लवकर वाळावीत म्हणून गच्चीवर कडक उन्हात घातली. संध्याकाळी बघते तर लाल नाहीच, जळक्या विटेचा रंग! घट बसायला दहा दिवस उरलेले. आत्याबाईंनी डोक्याला हात लावला. "आईला काय तोंड दावू मी आता?"

तेवढ्यात आक्का स्वयंपाकघरातून आल्या. मला वाटलं, आता ऐकवतील, आणि ऐकवायला हवंच होतं. त्यांनी एक हळकुंड उचललं, मोडलं, नाकाला लावलं. आणि महिन्या-दीड महिन्यांनी पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "सुमन, उन्हात काळवंडलं, आन् सावलीत काळवंडत न्हाय. का गं?" मला तिथंच रडू फुटलं.

मग त्या आत्याबाईंकडे वळल्या. "आत्याबाई, भांडत न्हाय मी. मला खरंच कळंना झालंय. मळणाऱ्या बाईचा नवरा हाय का गेला, हे हळदीला कसं कळतंय? कळत असंल तर माझ्या हातचं लाल हुणार न्हाय. बघूया की."

"आईची परीक्षा बघतीस व्हय गं?"

"परीक्षा न्हाय. इचारतोय."

आत्याबाई उठून देवघरात गेल्या. नाही म्हणाल्या नाहीत, तोच होकार समजून आक्का हळकुंड घेऊन देवळात जाऊन आल्या. दोन काठवटी मांडल्या, एक माझी, एक त्यांची. हळद एकच, रस एकच, टाकणखार एकच. दोन्ही सावलीत वाळवलं, कुटलं, वस्त्रगाळ केलं. नवव्या दिवशी मी दोन वाट्या आत्याबाईंपुढे ठेवल्या. कुठली कुणाची ते फक्त मला ठाऊक. आत्याबाईंना फरक दिसला असता, निदान दिसला असं त्या म्हणाल्या असत्या, तर आक्कांना ती खोली जन्मभर बंद. आत्याबाईंनी वाट्या उजेडात नेल्या, वास घेतला, बोट मात्र लावलं नाही. आक्का हात जोडून उभ्या.

"कळंना की गं," आत्याबाई हळूच म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून, "एकत्र कर दोन्ही. आन् ने आईला."

त्या उठून आपल्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. विधवेच्या हातचं म्हणून बोळातल्या दोन-चार घरांनी नंतर आमचं कुंकू घेणं बंद केलं. केलं तर केलं! मी तर आनंदानं नाचायची बाकी होते. आक्का मात्र त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. "सुमन, चुकलंच आपलं. त्यांनी खोली सोडली तवा त्यांना कसं वाटलं, ते आपुण कधी इचारलंच न्हाय." तेव्हापासून दरवर्षी पहिली काठवट मांडली की त्या आत्याबाईंना विचारायच्या, "आत्याबाई, हात घालताय का?" आणि आत्याबाई तोंड फिरवायच्या. दहा-बारा वर्षं हे असंच चाललं.

आक्कांच्या त्या पहिल्या, लिंबाच्या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा, कॉलेजातल्या एका जुन्या प्राध्यापकांकडून मिळालं. लिंबाच्या आंबटात टाकणखार हळदीला धरतो आणि त्यातून वेगळाच लाल होतो, चुन्याचा लाल तो नव्हे. धावत घरी येऊन आक्कांना सांगितलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. "ब्येस," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पर ती दोघं एकमेकांना धरत्यात, ते का?" मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि आक्का हळकुंड शोधत होत्या. अशी बाई गेली. आता कुणी मला माझंच अज्ञान एवढ्या मायेनं दाखवणार नाही, आणि त्याचं मला फार, फार वाईट वाटतं.

परवा, भाद्रपदातली पहिली काठवट मी एकटीनं मांडली. करू की नको, असं चार दिवस चाललं होतं. हळद भिजवली, रस घातला आणि नुसतीच बसून राहिले. भिंतीला धरत धरत आत्याबाई आल्या. पंचाहत्तरी उलटलीय, डोळ्यांनी कमी दिसतं. उंबऱ्याच्या अलीकडेच टेकल्या. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, हात घालताय का?"

"ती इचारायची तवा दर साली वाटायचं, घालावा," आत्याबाई म्हणाल्या. "पर जीभच वळायची न्हाय."

त्यांनी उंबरा ओलांडला. पदर खोचला आणि हात मनगटापर्यंत काठवटीत घातला. चाळीस वर्षांनी. डोळे मिटून त्यांनी तळापासून एकदा ढवळलं, दोनदा ढवळलं, चिमूट बोटांत चोळून बघितली.

"रस कमी पडलाय," त्या म्हणाल्या. "आणीक लिंबं काप."