यानाच्या नाकावरचं हळदीचं बोट

हळदीचा डाग उन्हानं जातो, हे आमच्या वसमतमध्ये शेंबडं पोरगंही सांगेल. कपड्यावर पिवळं सांडलं तर धुऊन उन्हात टाकायचं, विषय संपला. मी तर जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला मास्तर. म्हणजे माझ्याकडून या बाबतीत चूक व्हायला जागाच नव्हती. ती जागा मी मेहनतीनं तयार केली.

निवृत्तीनंतर लोक भजनाला लागतात, कुणी शेताकडे वळतात. मला अंतराळयानांचा नाद लागला. बोटाएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची, कुरिअरनं तुकड्यांत येणारी. चिमट्यानं जोडायची. पहिल्याच यानाचे पंख मी उलटे बसवले. बायकोनं ते हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं.

"उडते का?"

"न्हाई."

"मंग काहून आणलं?"

"बघायला."

"बराबर हाय. तुमीबी बघायलाच हाव घरात."

तोंडानं टोमणे, पण शोकेसमधले लग्नातले काचेचे ग्लास हलवून यानांना जागा तिनंच करून दिली. रोज पदरानं धूळ पुसायची. नऊ यानं झाली तेव्हा शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "ह्या आमच्या सरांच्या गाड्या. एकीलाबी पेट्रोल लागत न्हाई."

मग दसरा आला. दसऱ्याला घरातल्या राबणाऱ्या प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू. मी आपट्याची पानं घेऊन परत आलो, तर शोकेस उघडं आणि नऊच्या नऊ यानांच्या नाकावर ओल्या हळदीचं एकेक बोट. त्यावर कुंकवाचा ठिपका, पुढ्यात झेंडूची पाकळी.

मी ओरडलो. 'अडाणी' हा शब्द वापरला. शिकलेल्या माणसाचं घर वगैरेही बोललो.

"अवो, गाड्याच हायेत ना?" ती म्हणाली. "स्कूटरला लावलं, शिलाई मशीनला लावलं. ह्या लेकरांनाच काहून उपाशी ठिवू?"

मी साबण आणला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून दाखवायचो, पोरं टाळ्या वाजवायची. पहिलं यान रक्तबंबाळ झालं. ती दारात उभी होती. नेहमीसारखी हसली असती तर बरं झालं असतं. मी हट्टानं थिनर आणलं, तर डागाबरोबर प्लास्टिकचा पांढरा थरही निघाला. अशी आठ यानं मी सोलून काढली. नवव्यापर्यंत हात भरून आले, म्हणून त्याचं नाक भिंतीकडे करून मागं सारून दिलं.

पुढच्या दसऱ्याला तिनं स्कूटरला बोट लावलं, मिक्सरला लावलं, माझ्या चष्म्याच्या डबीलाही लावलं. हळद-कुंकवाचा करंडा घेऊन शोकेसपाशी आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली. 'लाव की,' एवढंच मला म्हणायचं होतं. म्हटलं, चहा घेताना म्हणू. चहा झाला. म्हटलं, उद्या म्हणू. त्याच थंडीत ती आजारी पडली आणि होळीच्या आत गेली.

तेराव्यानंतर मुलगी पुण्याला परतली. घरात करायला काही नव्हतं म्हणून मी शोकेस पुसायला काढलं. नववं यान फिरवलं, तर नाकावर तिचं बोट. कुंकू झडून गेलेलं, हळद मात्र पक्की. मधोमध एक बारीक रेघ कोरी होती. तिच्या अनामिकेवर विळीचा जुना व्रण होता, तिथं हळद उमटायची नाही.

साड्या मुलीनं नेल्या होत्या. फोटोत ती फोटोसारखी दिसायची. तिचं म्हणून खरं राहिलं होतं ते एवढंच. असली वस्तू मागं कशी ठेवायची? मी ती मोठ्या मानानं पूर्वेच्या खिडकीत ठेवली. रोज सकाळी चहा घेऊन समोर बसायचो. म्हणायचे राहिलेले दोन शब्द तिथं दोनशे वेळा म्हटले. समोर उन्हाळा तापत होता.

राखीला मुलगी आली. फोनवर मी सांगितलेलं ते यान तिनं हातात घेतलं.

"बाबा, आईचं बोट कुठंय?"

"नाकावर बघ."

"नाकावर काहीच नाही."

मी चष्मा पुसून पाहिलं. पांढरंशुभ्र, आत्ताच कुरिअरनं आल्यासारखं. रोज बघणाऱ्याला उतरता रंग दिसत नाही, आणि मला तर रोज तिथं बोट दिसत होतं.

"उन्हात ठेवलं होतं?" तिनं हळूच विचारलं. वसमतचीच पोरगी ती.

मी होकारार्थी मान हलवली. ती यान ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ नुसताच चालू ठेवला.

यंदा दसऱ्याला करंडा मी उघडला. त्यात अजून तिनंच भरलेली हळद आहे. स्कूटरला लावली, मशीनला लावली, आठ सोललेल्या यानांना एकेक बोट लावलं आणि प्रत्येकाची मनातल्या मनात माफी मागितली. नवव्यापाशी अनामिका नेली आणि थांबलो. माझं बोट जाड, धडधाकट, एक ओरखडाही नसलेलं. लावलं असतं तर ती जागा माझी झाली असती.

ते कोरंच ठेवलं. फक्त खिडकीतून उचलून शोकेसमध्ये, सगळ्यांत मागं, सावलीत ठेवलं. आता सावलीत ठेवून काय उपयोग, असं विचारायला घरात कुणी नाही.