हनोईत टिश्यूचं पाकीट

सिंगापूरला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या सार्वजनिक मंडईत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं, की ते टेबल आपलं. जेवण घेऊन येईपर्यंत तिथे कुणी बसत नाही. तिथल्या बेडोक भागात इतकी वर्षं राहून ही सवय माझ्यात पुरती मुरली, आणि ती मी बायकोच्या माहेरी, हनोईलाही नेली.

एकमेकांची भाषा येत नसल्याने सासऱ्यांशी माझं संभाषण म्हणजे दोघांनी माना डोलावणं. त्यांच्यावर छाप पाडायची म्हणून सकाळचं फो, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, मी खाऊ घालणार होतो. "तुम्ही सावकाश तयार व्हा, मी जागा धरून येतो," असं सांगून निघालो. फुटपाथवर एका बुटक्या टेबलाभोवती प्लास्टिकची चार स्टुलं रिकामी होती. पाकीट ठेवलं आणि बायकोला नि सासू-सासऱ्यांना आणायला ऐटीत परतलो.

येऊन बघतो तर तिथे चार आजीबाई फो खात बसलेल्या. त्यातली एक माझ्या टिश्यूने चॉपस्टिक्स पुसत होती, दुसरी तोंड.

"जागा कुठेय?" बायकोने विचारलं.

"पाकीट ठेवलं होतं गं."

"अरे देवा! इथे जो बसला त्याची जागा!"

तिने वडिलांना सगळं सांगितलं. सासरे पोट धरून हसले. आजीबाई सरकल्या, मालकिणीने आणखी स्टुलं आणली, आणि आम्ही आठजण गुडघ्याला गुडघा लावून बसलो.

"बाबा म्हणतायत, जावई गुणी आहे, चार म्हाताऱ्यांची सोय केली."

सासऱ्यांनी माझ्या वाडग्यात स्वतःच्या हाताने लिंबू पिळलं. दुसऱ्या दिवशी फो खायला मला त्यांनीच उठवलं.