दोन, नऊ, एक, सहा

लोंढ्याच्या यार्डात आप्पा मालगाडीच्या डब्यांचे नंबर मोठ्याने सांगत चालायचे आणि मी, नवा कारकून, मागून चिठ्ठीवर उतरून घ्यायचो. मध्येच ते थांबत, एखाद्या डब्याला हात टेकत आणि म्हणत, "गोविंदा, ह्यो घरचा हाय रं."

घरचा म्हणजे त्यांच्या वहीतला. तेराचा वर्ग १६९. आकडे हलवले की १९६, चौदाचा वर्ग. पुन्हा हलवले की ९६१, एकतीसचा. अशा ओळींनी वही भरली होती आणि प्रत्येक संख्येसमोर ती कशाचा वर्ग, ते लिहिलेलं. आप्पा चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातले, शिक्षण चौथीपर्यंत. मनात मोजायचे कानडीत, सांगायचे मराठीत. दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं की वही उघडायचे.

"आप्पा, ह्येचा उपेग काय?" हमाल विचारायचे.

"तुझ्या मिशीचा जो हाय, त्योच."

लढाईच्या दिवसांतली एक दुपार. आप्पांनी एका डब्याला हात टेकला. "दोन, नऊ, एक, सहा. चोपन्नाचा वर्ग. ह्येला दोन भावंडं हायत, गोविंदा." १२९६ आणि ९२१६, छत्तीसचा आणि शहाण्णवचा. मी ऐकण्यात रंगलो आणि चिठ्ठीवर २९६१ लिहून बसलो.

तो रेशनच्या ज्वारीचा डबा होता, बेळगावला जायचा. नंबर चुकल्यामुळे तो भलत्याच गाडीला लागून गोव्याकडे गेला. परत यायला दहा दिवस लागले. तेवढे दिवस बेळगावात माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन दुकानावरून परतली.

चौकशीला साहेब आले. अक्षर माझं होतं. मी म्हणालो, "आप्पांनी सांगितला तसा लिहिला." एवढंच. पुढचं यार्डानेच सांगितलं: हा माणूस आकडे फिरवतो, सगळ्यांना ठाऊक आहे. माझी नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं. ही कारणं मी अजून स्वतःला सांगतो. ती पुरत नाहीत.

साहेबांनी चिठ्ठी आप्पांपुढे धरली. त्यांनी ती वाचली आणि ते माझ्याकडे वळले. "ह्यो कशाचाच वर्ग न्हाय रं, गोविंदा."

साहेबांना ते कळलं नाही. मला कळलं. आप्पांनी आकडे फिरवले असते तर दुसरा वर्ग निघाला असता. हा नुसता चुकलेला आकडा होता. तिथे ते ओळखणारा मी एकटाच होतो, आणि मी मान खाली घातली.

आप्पांची नोकरी गेली. गावाकडे निघताना त्यांनी डब्याच्या खिडकीतून वही माझ्या हातात दिली. "पाच आकड्यांचं ऱ्हायलंय. तू कर."

"आप्पा, त्या दिवशी मी..."

"मागं सर. गाडी सुटंल."

वही मी ट्रंकेच्या तळाशी ठेवली. पण आजही कुठे चार आकडी नंबर दिसला की माझे ओठ आपोआप तो फिरवू लागतात, आणि आवाज आप्पांचा असतो. ते वारल्याचं निपाणीच्या एका व्यापाऱ्याकडून कळलं, त्या दिवशी वही पहिल्यांदा उघडली. शेवटच्या पानावर एकच संख्या होती, २९६१. समोरची जागा त्यांनी कोरी सोडली होती.

तिथे काय लिहायचं ते मला चौकशीच्या दिवसापासून ठाऊक होतं. परवा मी तिथे माझं नाव लिहिलं.