बॅग धरणारे साहेब

अकोल्यात औषध कंपनीच्या नोकरीसाठी गेलो, तेव्हा तिथल्या विक्रीच्या साहेबांनी टेबलावर मुलाखत घेतलीच नाही. कंपनीच्या गोळ्यांची बॅग घेऊन मला थेट एका डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी मलाच विचारलं, "या गोळीनं पोट बिघडतं का?"

घरी माझ्या पगाराची वाट पाहत होते. पण आजारी माणसाला फसवून मिळणारा पगार मला नको होता.

"काहींचं बिघडतं," गोळीच्या माहितीपत्रकात वाचलेलं मी सांगितलं.

साहेब मान खाली घालून रुमालाने बॅग पुसत राहिले. नोकरी गेली, असंच मी धरून चाललो.

बाहेर टपरीवर त्यांनी चहा बशीत ओतला. "मी डॉक्टरायले सालोसाल 'नाई बिघडत' असंच सांगत आलो. आज पयल्यांदा त्यायनं सॅम्पल ठेवून घेतलं. उद्यापासून तूच बोलजो, बॅग मी धरतो."

मला खोटं न बोलता नोकरी मिळाली होती. साहेबांचाही चेहरा ओझं उतरल्यासारखा दिसत होता.