मिसरीचा आळ

लहानपणी मी धाकट्या बहिणीवर खोटा आळ घेतला होता आणि तो खोटा असल्याचे परवापर्यंत लपवून ठेवले. तिचे पुढचे पक्के दात तपकिरी डाग घेऊनच उगवले होते. मी आईला सांगितले, "ही चोरून तंबाखूची मिसरी लावते."

"कावून गं, एवढ्याशा वयात?" म्हणत आईने राखेने तिचे दात खसाखसा घासले. खळ्यावरून घरापर्यंत ऐकू येणारे तिचे हसू त्यानंतर तळहाताआड गेले. मला अजून ते खळ्यावरचेच हसू आठवते.

परवा चौसाळ्यात माझ्या नातीच्या नव्या दातांवरचे तसेच डाग पाहून डॉक्टर म्हणाले, "हिरडीत दात घडतानाच वरचं कवच कच्चं राहिलं. हे डाग घासून जात नसतात."

बहीण सोबत होती. दवाखान्याच्या पायरीवर मी म्हणालो, "बाई, तू मिसरी लावत नव्हतीस, मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो. मला माफ कर."